शाळेत टीबीचा रुग्ण निघाला तेव्हा आम्ही काय केलं, आणि आता दुसरी वेळ आली आहे

सुरंगी

देवगड आणि मालवणच्या मधल्या किनाऱ्यावरचं आमचं गाव. नाव देत नाही. गावाचं नाव दिलं की माणूस ओळखता येतो, आणि हा धागा मी त्याच कारणासाठी काढतेय.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ३१. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या काकी गेली नऊ वर्षं तिथेच आहेत. नवरा नाही, मुलगी आमच्याच शाळेत पाचवीला. शिमग्यानंतर काकींना खोकला लागला. चुलीच्या धुराने असेल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, त्यांनीही नाही. जूनमध्ये आशाताई घरभेटीला गेल्या आणि त्यांची गळ्याची हाडं बघून बेडक्याची डबी हातात देऊन आल्या. ट्रूनॅट यंत्रावर बेडक्याची तपासणी झाली, फुप्फुसाचा टीबी निघाला. औषधाला दाद देणारा आहे हेही त्याच तपासणीत कळलं, गोळ्या लगेच सुरू झाल्या.

त्या दुपारी काकी स्वतःहून शाळेत आल्या. स्वयंपाकाच्या शेडच्या दारातच उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून, आणि मुख्याध्यापिका बाईंना सगळं सांगून घरी गेल्या. संध्याकाळी सातच्या आत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा फोटो आला. गॅदरिंगच्या फोटोतून कापून काढलेला. खाली एकच ओळ: मुलांना शाळेत जेवू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी शाळेत ९ मुलं. तिसऱ्या दिवशी सभा. दोन तास नुसतं खिचडीवर बोलणं झालं. टोप फेकायचे की उकळत्या पाण्याने धुवायचे, तांदळाची पोती बदलून मिळतील का, काकींना कायमचं काढायचं तर ठराव कसा लिहायचा. मी तिथे होते आणि गप्प बसले. माझ्याही डोक्यात माझा मुलगाच होता.

पुढच्या आठवड्यात मी ताटल्या मोजायला गेले तर एका ताटलीच्या पाठीवर ऑइलपेंटचा लाल ठिपका. काकींच्या मुलीची ताटली. पोरगी तपासणीत पूर्ण ठीक निघालेली, तिला प्रतिबंधक गोळ्या सुरू झालेल्या, तरी ती वेगळ्या बस्करावर बसत होती आणि जेवण झालं की ताटली स्वतः वेगळी घासून वेगळी ठेवत होती. ठिपका कोणी काढला ते मी शोधलं नाही. काढायला सगळ्यांचीच संमती होती, माझ्या गप्प बसण्यासकट.

काकींकडे मी महिनाभराने गेले. त्या मालवणीत एवढंच म्हणाल्या, "माज्या हातचा जेवाण नको तर नको गो. पण माका काय झाला ता माज्या चेडवाक शाळेतल्या पोरांच्या तोंडातसून कळला."

आता खरी गोष्ट. त्या सभेत मागच्या बाकावर एक खलाशी बसला होता. त्यालाही दोन महिने खोकला होता आणि रात्री घाम येत होता. सभेत जे ऐकलं ते ऐकून तो घरी गेला आणि मेडिकलमधून खोकल्याच्या बाटल्या आणून पीत राहिला. नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडल्या, तेव्हा समुद्रात असताना त्याला रक्ताची उलटी झाली म्हणून हे बाहेर आलं. त्याचा साडेतीन वर्षांचा मुलगा आमच्याच इमारतीतल्या अंगणवाडीत येतो. महिनाभर त्या पोराचं वजन घटत होतं, बारीक ताप होता. त्यालाही टीबी निघाला आहे. औषध चालू आहे, आता बरा खातोय.

हे काकींच्या सभेने झालं असं मी मानते. माझी खात्री आहे.

सोमवारी पुन्हा सभा आहे. ग्रुपवर कुजबुज सुरू झालीय, कोण, कुठल्या वाडीतला. या वेळी मला बोलायचं आहे. कोणाला अनुभव असेल, माहिती असेल तर सांगा. मी काय सांगू, कोणत्या शब्दांत सांगू?

---

जुना_फळा

ताई, मी ३४ वर्षं किनाऱ्यावरच्याच शाळांत शिकवलं. तुमचं वाचून माझी आत्या आठवली. मी सात-आठ वर्षांचा असेन. तिला क्षय झाला तेव्हा मागच्या पडवीत तिची खाट, तिची जर्मनची थाळी, तिचा तांब्या. आम्हा मुलांना उंबऱ्याच्या आत उभं राहून तिच्याशी बोलायला सांगत. मग तिला मिरजेला नेलं. आमच्याकडे तेव्हा "मिरजेला नेलं" एवढंच म्हणत, पुढचं न बोलता कळायचं. वानलेसवाडीचं आरोग्यधाम हे नाव कोकणात घरोघरी माहीत होतं ते या रोगामुळेच.

ती परत आली नाही. पण तिच्या थाळीची भीती घरात राहिली. ती थाळी माळ्यावर होती, आणि मी कॉलेजला असतानाही आई तिला हात लावू द्यायची नाही.

मला नंतर कळलं ते सांगतो, सभेत उपयोगी पडेल. मद्रासला १९५६ मध्ये टीबीच्या औषधोपचाराचं केंद्र सुरू झालं. तिथे गरीब वस्तीतले रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून औषध दिलं, दुसऱ्याला घरी राहूनच. घर म्हणजे एका खोलीत पाच-सहा माणसं. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले: घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. मग घरातल्या माणसांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तर ज्यांचा रुग्ण घरी होता त्यांना आरोग्यधामवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झालेली नव्हती. औषध सुरू झालं की माणसाला घराबाहेर काढून काही मिळत नाही, हे आपल्याच देशात सिद्ध होऊन साठ वर्षांवर झाली. जगभरची आरोग्यधामं त्यानंतर बंद होत गेली. आमच्या पडव्या मात्र बंद झाल्या नाहीत.

---

दोन_लेकरांची_आई

माझं बोलणं काहींना आवडणार नाही, पण खरं ते लिहिते. मी सुरंगीताईंच्या गावातली नाही, पण असते तर मीही मुलांना घरी ठेवलं असतं. माझा धाकटा जन्मला तेव्हा दीड किलोचा होता. त्याला साधी सर्दी झाली तरी मी रात्रभर जागी असते. टीबी म्हटल्यावर मला कोणी मद्रासचा अभ्यास सांगितला तर मी ऐकीन, पण हात तरी मुलाचाच धरीन.

मला सरळ उत्तरं हवीत. अशा बाईंच्या हातचं खाल्लं तर होतो की नाही? औषध सुरू झाल्यावर किती दिवसांनी धोका जातो? शाळेतल्या सगळ्या मुलांचे एक्स-रे काढायचे का? बीसीजी दिलेली असते ना सगळ्यांना, मग होतो कसा? आणि ज्याचं नाव आम्हाला सांगणार नाही, त्याच्यापासून आम्ही मुलांना जपायचं कसं?

---

निवृत्त_सिस्टर

दोन लेकरांच्या आईने जे विचारलं तेच प्रत्येक आईच्या मनात असतं. सभेत आधी याचीच उत्तरं द्या, बाकीचं नंतर. मी उपकेंद्रावर २९ वर्षं काढली.

खाण्यातून होत नाही. ताट, पेला, कपडे, हात लावणं, एका बाकावर बसणं, यातून होत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो, शिंकतो तेव्हा इतके बारीक थेंब बाहेर पडतात की ते खाली न बसता हवेत तासन् तास तरंगत राहतात. ती हवा जो बराच वेळ श्वासात घेतो त्याला लागण होऊ शकते. म्हणून बघायचं ते भांडं नाही, खोली बघायची. बंद खोली, कोंदट हवा, रोजचे कितीतरी तास, असे आठवडेच्या आठवडे. तुमच्या काकी उघड्या शेडमध्ये शिजवतात, मुलं रांगेत येऊन वाढून घेऊन जातात. त्या मुलांचा धोका फार थोडा. त्यांच्या मुलीचा जास्त, कारण ती रात्री त्यांच्या कुशीत झोपते. म्हणून तिला तपासून प्रतिबंधक गोळ्या दिल्या, बरोबर केलं.

लागण झाली म्हणजे रोग झाला असंही नाही. शंभरांतल्या पाच ते दहा जणांनाच पुढे आयुष्यात कधीतरी रोग होतो, बाकीच्यांच्या अंगात जंतू झोपून राहतो. लहान मुलं आणि अशक्त माणसं यांना मात्र लवकर होतो, म्हणून पाच वर्षांखालच्या पोरांकडे आधी धावायचं. बीसीजी लहान बाळांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून वाचवते, पण मोठेपणी फुप्फुसाचा टीबी होणारच नाही अशी हमी ती देत नाही.

औषध नीट लागू पडलं तर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती खूप कमी होते. कामावर कधी जायचं ते डॉक्टर सांगतात, ग्रुप नाही. गोळ्या मात्र साध्या टीबीला सहा महिने: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यांत माणसाला बरं वाटायला लागतं आणि तो गोळ्या सोडतो, सगळा घात तिथे होतो. अर्धवट सोडली की पुढे औषधाला दाद न देणारा टीबी होऊ शकतो.

सगळ्या शाळेचे एक्स-रे नकोत. दोन आठवड्यांवर खोकला, बारीक ताप, वजन घटणं, भूक जाणं, मानेला गाठ, यातलं काही असेल तर ते मूल आणा. मूल खेळायचं थांबलं असेल तरीही आणा.

नावाचं: तुम्हाला मूल जपायला नाव लागत नाही. ज्यांना तपासायला हवं त्यांना आम्ही घरी जाऊन सांगतो. ज्याला सांगितलं नाही त्याला त्या रुग्णापासून काळजीचं कारण नसतं. हे मी शेकडो घरांत जाऊन केलं आहे.

आणि सुरंगीताई, साडेतीन वर्षांच्या पोराला शाळेत कोणी टाळू नये. लहान मुलांच्या बेडक्यात जंतू फार थोडे असतात, त्यांच्याकडून दुसऱ्याला सहसा होत नाही. त्यांना मोठ्या माणसाकडून होतो. तुम्ही त्या खलाशाबरोबर कोण झोपतं ते विचारलंत का? बोटीवर सहा-सात माणसं एका केबिनमध्ये झोपतात, पावसापाण्यात दार लावून. शाळेपेक्षा आधी ती बोट बघायला हवी.

---

पेज_आणि_सुकट

सिस्टर, हे सगळं छापून प्रत्येक शाळेत लावायला हवं. +१

---

रापण

मला २०१९ मध्ये झाला होता. तेव्हा मी डेपोत कामाला होतो, त्याआधी वडलांबरोबर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर. पहिल्या गोळ्यांनंतर लघवी केशरी झाली तेव्हा मी घाबरून मध्यरात्री आशाताईंना फोन केला होता. त्यांनी सांगितलं होतं आधी, मी विसरलो होतो. डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी येतं. मला ते त्या महिन्यांत बऱ्याचदा दिसलं.

ठिपक्याबद्दल वाचून थांबलो. आमच्या घरी ठिपका नव्हता, माझ्या पेल्याला सुतळी बांधली होती. बहिणीने बांधली होती, प्रेमाने, आपल्या मुलांची काळजी म्हणून. मी तिला काही बोललो नाही. पण त्या सुतळीमुळे मी घरात पाणी मागायचं सोडलं. तहान लागली की विहिरीवर जाऊन ओंजळीने प्यायचो.

मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. आमचे साहेब घरी आले, ओटीवर बसले, रोग कसा झाला वगैरे काही विचारलं नाही. खिशातून डायरी काढली आणि म्हणाले, "ड्युटी कधीपासून लावू?" मी म्हटलं, डॉक्टर वीस तारखेनंतर म्हणालेत. त्यांनी माझ्यासमोर ते लिहून घेतलं. मला तेव्हा कळलं की मी परत जाणार आहे.

काकींना कोणी तारीख दिली का?

---

दादर_ते_कणकवली

मी मुंबईत बांधकामात आहे, गणपतीला आणि शिमग्याला गावी. खोलीबद्दल सिस्टरांनी लिहिलं त्यात भर घालतो.

सुरंगीताई, तुमच्या शाळेची इमारत कशी आहे? आमच्या गावची जुनी शाळा मंगलोरी कौलांची होती. कौलांच्या फटींतून, वाशांच्या वरून हवा खेळायची, खिडक्यांना लाकडी गज आणि दोन्ही बाजूंना पूर्ण उघडणारी दारं. ती पाडून स्लॅब टाकला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या. सरकती काच कशीही सरकवा, अर्धी खिडकी बंदच राहते. पावसाळ्यात झड येते म्हणून उरलेली अर्धीही बंद. वर छत खाली आलेलं. चार महिने तीस पोरं त्या डब्यात.

लिमामध्ये, पेरू देशात, रुग्णालयांतल्या हवेचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत खिडक्या उघड्या ठेवल्या तर टीबीची लागण होण्याचा धोका यंत्राने हवा खेळवलेल्या नव्या खोल्यांपेक्षाही कमी निघाला. पैसे न घालता मिळणारी गोष्ट आहे ही.

तुमच्याकडे काचा काढता येतील का? झड अडवायला बाहेरून छप्पर पुढे काढायचं, खिडकी बंद करायची नाही. आपल्या आजोबांनी पडवी त्यासाठीच ठेवली होती.

---

सुरंगी

नवी इमारत स्लॅबचीच आहे, आणि तुम्ही म्हणता तशाच काचा. पहिली ते चौथी एका खोलीत, शेजारी अंगणवाडी. दोन तासांच्या त्या सभेत एकानेही खिडकीचं नाव काढलं नव्हतं.

रापणदादा, तारीख कोणी दिली नाही. काकींच्या जागी दुसऱ्या बाई आल्या आणि विषय तिथेच राहिला. मी आजच जाते.

---

पेज_आणि_सुकट

एक व्यवहाराची गोष्ट. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईचं मानधन मुळातच तुटपुंजं. तेही थांबलं असेल तर सहा महिने त्या खातात काय? टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे पैसे त्यांच्या खात्यात येतात का ते बघा. २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपये सुरू झाले, नोव्हेंबर २०२४ पासून १००० आहेत. बँक खातं आधारला जोडलेलं नसलं की अडकतात. निक्षय मित्र म्हणून कोणी व्यक्ती किंवा मंडळ रुग्णाला दरमहा धान्याची पिशवी देऊ शकतं. तुमच्या गावचं मुंबई मंडळ असेलच. सभामंडपाच्या फरशीला वर्गणी निघते तर डाळ-अंडी-शेंगदाण्यालाही निघेल. या रोगात जेवण हे अर्धं औषध आहे.

---

दोन_लेकरांची_आई

सिस्टर, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. "ज्याला सांगितलं नाही त्याला काळजीचं कारण नसतं", हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे असंच झालं होतं दोन वर्षांपूर्वी, आणि मी त्या घराशी बोलणं तोडलं होतं.

---

सुरंगी

सभा झाली. जसं झालं तसं लिहिते.

सुरुवातीला आमच्या आरोग्यसेविका बोलल्या, सिस्टरांनी इथे लिहिलं जवळपास तसंच. मग मी उभी राहिले. माझे पाय कापत होते. मी म्हटलं, मागच्या वेळी आपण एका बाईचं नाव फोडलं, म्हणून दुसऱ्या माणसाने दोन महिने खोकला लपवला आणि एका लहान पोराला रोग झाला. नाव विचारू नका, मी सांगणार नाही. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक आजोबा म्हणाले, विचारत नाय. एक पालक उठून गेले, त्यांनी मुलगा तालुक्याच्या शाळेत घालायचं ठरवलं आहे. त्यांना थांबवता आलं नाही.

खिडक्यांचं काम मात्र त्याच दिवशी झालं. दोघातिघांनी स्क्रू काढून सरकत्या काचा उतरवल्या आणि कापडात गुंडाळून कपाटामागे ठेवल्या. गुरुवारी वाडीतल्या बायकांनी माडाच्या चुडतांची झापं विणली, पुरुषांनी पोफळीचे वासे लावून दोन्ही बाजूंना चार फूट उतरतं छप्पर काढलं. शुक्रवारी परतीचा पाऊस विजांसकट कोसळला. पहिल्या रांगेतल्या वह्यांवर थोडे शिंतोडे आले, रांग हातभर मागे घेतली. वर्गात शिरलं की आता समुद्राचा वास येतो.

काकींना डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी ऑगस्टातच दिली होती, आम्ही विचारलंच नव्हतं. मुख्याध्यापिका बाई त्यांच्या ओटीवर गेल्या आणि हजेरीचं पुस्तक बरोबर घेऊन गेल्या. एक तारखेपासून काकी येतात. काही मुलं अजून घरून डबा आणतात. वजन ३६ किलोवर गेलं होतं, आता ४१ आहे. मुंबई मंडळाने धान्याचं मान्य केलं आहे. ताटलीचा ठिपका मी थिनरने पुसला. मुलगी बाजूला उभी होती, बघत होती. काही बोलली नाही, ताटली घेऊन बाकीच्या ताटल्यांच्या चवडीत ठेवून आली.

सिस्टर, बोटीचं तुम्ही बोललात ते खरं निघालं. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, खलाशाने स्वतः सांगितलं. केबिनमध्ये झोपणाऱ्या सहांपैकी पाच जण तपासून आले. एकाचा बेडका पुन्हा मागितला आहे, बाकी ठीक. सहावा नेपाळचा आहे, हंगाम सोडून मागच्या महिन्यातच गावी गेला. तांडेलाकडे त्याचा फोन आहे. त्याला काय सांगायचं?

---

निवृत्त_सिस्टर

तांडेलालाच फोन करू द्या, ओळखीचा आवाज हवा. एवढंच सांगायचं: तू ज्या केबिनमध्ये झोपायचास तिथे एकाला टीबी निघाला आहे, खोकला-ताप असो नसो, तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन हे सांग आणि तपासून घे. औषध नेपाळातही सरकार फुकट देतं. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्यालाही घेऊन जा. कोणाला निघाला ते तो विचारेल. सांगायची गरज नाही.